पुठ्ठ्याचा तुरुंग

४ जून २०१६
लेक राहते त्या या परदेशी शहरात जुन्या सुप्रीम कोर्टाची आता आर्ट गॅलरी झाली आहे. नातीला, गार्गीला, घेऊन गेले. तिने चित्रं सोडून आरोपींच्या दोन कोठड्याच पाहिल्या. मी सहज म्हणाले, "आमच्या घरामागे अशा चार होत्या." झालं! शाळेचा प्रोजेक्ट ठरला — आजीच्या गावचं कोर्ट आणि तुरुंग.

६ जून
दिवसभर पुठ्ठा आणि गोंद. पुढे कौलारू कोर्ट, मागे दगडी तुरुंग, मधे आमच्या दोन खोल्या. कैद्याला कोर्टात न्यायची वाट आमच्या अंगणातून. बेड्या घातलेला माणूस आईच्या वाळत्या लुगड्याखालून वाकून जायचा.
"आजी, प्रिझनरची रूम बिगर लाह!"
इथल्या पोरांच्या बोलण्याला 'लाह'चं शेपूट असतंच. आणि कोठडी आमच्या खोलीहून मोठी होतीच. बाबा जेलर. कैद्यांचे घरून आलेले डबे तपासणं त्यांचं काम. आठव्या वर्षी ते मी माझ्याकडे घेतलं. गोड असेल तर नीट तपासायचे.

८ जून
लेक ऋचा म्हणाली, "आई, रविवारी सारंगचे बाबा राहायला येताहेत." बारा वर्षांपूर्वी, हिच्या लग्नात, हिच्या सासऱ्यांनी, पद्माकररावांनी, माझ्या वडिलांना चारचौघांत न्यायाधीश म्हटलं आणि मी मान हलवली. खोटं बोलू नये, हे कॉन्व्हेंटात शिकवलं होतं; मान हलवण्याबद्दल सिस्टर काही बोलल्या नव्हत्या.
गार्गीला विचारलं, तुरुंग काढून टाकू या का?
"कॅनॉट, आजी. टायटल प्रिंट झालं."

१२ जून
पद्माकरराव आले. चपला काढेपर्यंत गार्गीने सगळं सांगून टाकलं — जेलर, बेड्या, लुगडं. मी चहा ढवळत राहिले. साखर घातलीच नव्हती.
ते चष्मा लावून वाकले. तिसऱ्या कोठडीवर बोट ठेवलं. "इथे आमचे वडील, अण्णा, होते. एकोणीस दिवस."
जावई सारंग उडालाच. "आजोबा? पण आपण तर मूळचे पुण्याचे!"
"नंतर झालो. अण्णांनी मामलेदाराच्या कानाखाली वाजवली होती." मग माझ्याकडे वळून, "तुमचे वडील कोण ते मला ठाऊक होतं, ताई. तुरुंगाचा विषय निघायला नको, म्हणून मीच त्यांना न्यायाधीश केलं."
बारा वर्षं!
"डबा मी न्यायचो," ते म्हणाले. "आई रोज दोन लाडू द्यायची, अण्णांना एकच मिळायचा. मीच खाल्ला समजून सुटून आल्यावर त्यांनी मला बदडलं."
मी आत जाऊन कपबशा विसळल्या. दोनदा.

१३ जून
सकाळी एकोणीस लाडू वळून पद्माकररावांपुढे ठेवले. त्यांनी मोजले.
"म्हणजे तो मार तुमचा होता, ताई."