बावन्न टक्के काळीज

कुपवाड, ९ फेब्रुवारी २०२५

दादा,

नमस्कार. वहिनी आणि सोनिया बऱ्या असतील. म्हसवडला ऊन चटकायला लागलं असेल. इकडे वर्कशॉपात नवी लेथ आलीय. मी परत रोज चार तास मशीनवर उभी राहते.

मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडलायस, असं वहिनी म्हणाली. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. म्हणून पत्र.

विश्रामबागच्या डॉक्टरबाईंना तू माझ्या माघारी म्हणालास, "मॅडम, इंजेक्शन बंद करा. छातीची गाठ काढलीय न्हवं? आता तिचं काळीज बी घालवताय व्हय?" मला नर्सनं सांगितलं. तेव्हापासून तुझ्याशी बोलले नाही.

तुझं अगदीच चुकीचं नव्हतं. बाईंनी मला कागदावर काढून दाखवलं. पेशीच्या अंगावर वाढीचा निरोप घेणारा एक रिसेप्टर असतो. माझ्या कॅन्सरच्या पेशींवर तो लय होता, इंजेक्शन त्यालाच अडवतं. पण तोच रिसेप्टर हृदयाच्या स्नायूलाही लागतो, झीज भरून काढायला. तिथंही तो अडला. इकोमध्ये हृदयाचा जोर साठ टक्क्यांवरून बेचाळीसवर आला. एक जिना चढायला मी दोनदा खाली बसायची.

दोन महिने इंजेक्शन थांबवून हृदयाच्या गोळ्या दिल्या. परवा बावन्न आले. बाई म्हणाल्या, "परत सुरू करता येईल. धोका आहेच, इको करत राहू. घरी विचारून सांगा."

मी म्हटलं, "माझ्या अंगाचं घरी काय इचारायचं? कागद द्या, सही करते."

इंजेक्शन काल झालं.

आता जे लिहायचं टाळत होते ते. आई गेल्यापासून, तिनं गाठ लपवली होती, असं आपण सगळ्यांना सांगत आलो. तिनं लपवली नव्हती, दादा. न्हाणीत मला दाखवली होती. मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "बायकांचं असतंय काय काय. तुझं लगीन उरकू दे, मग बघू." आणि मी हळदीला बसले. तू एकटा नाहीस यात.

तू काळजीपोटी बोललास, एवढं मला कळतं. पण मी "मग बघू" ऐकणार नाही. तुझं नाही, कुणाचंच नाही.

पुढचं इंजेक्शन एक मार्चला आहे. यायचं तर ये. बाहेर बाकावर बस, चहा घे, डॉक्टरांशी मी बोलेन. नाही आलास तरी बसनं जाईन.

भ्यालेली, तरी जाणारी
तुझी बहीण,
क्रांती