पानावरचा आडवा हात

जळगाव, ११ डिसेंबर ८८
रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी भडगावच्या वाचनालयात तासभर बोललो. इच्छा उठली की नुसती पाहावी, तिच्यामागे धावू नये, वगैरे. टाळ्या पडल्या. मग वाचनालयाचे अध्यक्ष नाना, त्यांच्या मळ्यात भरताची पार्टी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, तो वास! वाढणारा दुसऱ्यांदा आला आणि मी पानावर हात आडवा धरला. सगळेच धरतात. आग्रह व्हावा म्हणूनच धरतात! यजमान असून नानांना एवढं कळू नये? वाढणाऱ्याला म्हणतात कसे, "ऱ्हाऊ दे. भाऊस्नी मन जिकेल शे." झालं, मी मन जिंकलेला ठरलो आणि तो पुढे गेला. शेजाऱ्याच्या पानावर तीनदा भरीत पडलं. मी मोजलं.

पण राग नक्की कुणाचा? नानांचा, की त्या आडव्या हाताचा? कादंबऱ्यांतून लोकांची मनं सोलतो, आणि मला "अजून वाढा" एवढं म्हणवलं नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "भाकरी टाकू का?" पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, "नको, पोटभर झालं."

तिने लगेच तवा उतरवला.

आता तिच्यावरही चिडलोय.