तिचे तळवे आणि माझा पाना

मृत्युपत्र लिहून ठेवतो की मी, वय वर्षे बाहत्तर, संग्रहालयाच्या तळघरात चौतीस वर्षं दगडातून हाडं मोकळी केलेला कारागीर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. संतापलेलाही आहे, पण डॉक्टरांच्या मते त्याने शुद्ध हरपत नाही.

१. राहती जागा भाचीला. कोरायच्या सुयाही तिलाच परत. ती दातांची डॉक्टर, सुया तिच्याच दवाखान्यातल्या. धाकट्या भावाला काही नाही. माझ्या कामाला "मेलेल्या पालीची सेवा" हे नाव त्यानेच पाडलं.

२. नोंदींच्या सव्वीस वह्या. मोठ्या दालनातल्या मांसाहारी डायनासोरचं कुठलं हाड खरं, कुठे प्लास्टर, हे फक्त त्यांत आहे. संग्रहालय त्या कधीपासून मागतंय. द्याव्यात, <s>पण आधी तिचे हात नीट करावेत.</s>

ती, म्हणजे हा डायनासोर, मादी. मांडीच्या हाडात अंड्यावर आलेल्या पक्षिणीच्या हाडात असतो तसा थर मिळाला. बरगडी मोडून पुन्हा जुळलेली. या प्राण्यांना तळवा जमिनीकडे वळवताच येत नसे. टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे तळवे समोरासमोर असत. संचालकांनी ते खाली लोंबते लावायला सांगितले. मी सांधा हातात धरून दाखवला. ते म्हणाले, "लोकांना भीती वाटली पाहिजे." करवतीच्या धारेचे साठ दात काय कमी पडत होते? एकवीस वर्षं शाळेची पोरं तिच्यापुढे हात लोंबवून फोटो काढतात आणि चुकीचं शिकून घरी जातात. संचालक सत्कार घेऊन निवृत्त झाले. तळवे तसेच आहेत.

३. हे भाचीलाही ठाऊक नाही. हुकूम संचालकांचा, पण बोल्ट मी माझ्या पान्याने आवळले. चूक आहे हे माहीत असून, नोकरी जाईल या भीतीने. इतकी वर्षं राग त्यांच्यावर काढला, लाज मात्र माझी स्वतःची आहे.

साक्षीला बोलावलेल्या सुताराने, ज्याने तिचा चौथरा बनवला, इथवर वाचून चष्मा काढला. म्हणाला, "पाना तुमच्याकडेच आहे ना? मग मरायची वाट कशाला बघताय?"

सबब कलम दोनमधली अट मी स्वतः खोडली आहे. वह्या बिनशर्त द्याव्यात. उद्या सोमवार, संग्रहालय बंद असतं आणि पहारेकरी ओळखीचा आहे.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ११ मार्च, रविवार
सही: (कारागीर)

साक्षीदार १: शेजारची परिचारिका
साक्षीदार २: सुतार. शिडी माझी.