तबकडीतलं काळं कडं

३ मार्च
टाचणीने आज तिच्या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचा फोटो दाखवला. (टाचणी म्हणजे आमच्या वेधशाळेतली नवी ज्युनियर. नाव मीच ठेवलं, टोचते म्हणून.) तबकडीत एक काळं कडं. म्हणजे तिथली धूळ खाऊन एखादा ग्रह बाळसं धरतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण हळू.
मला जळायचं काही कारण नाही. अठरा वर्षं याच धुळीत काढली आहेत.
संकल्प : परिषदेला यंदा आमच्यातला एकच जण जाणार. तो मी.

५ मार्च
घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, छान की, आणि तुमच्या तबकडीत काय दिसतं? जेवण गेलं नाही.

९ मार्च, सकाळी ११.१०
माझ्याही तबकडीत काळं कडं!
ताऱ्याच्या झगमगाटात धूळ दिसत नाही, म्हणून एखाद्या साध्या, बिनधुळीच्या ताऱ्याचा फोटो त्यातून वजा करतात. नेहमीचा साधा तारा वजा केला की कडं येत नव्हतं. मग दुसरा घेतला. आलं. अनुभव म्हणतात तो हाच.
टाचणीच्या कड्यापेक्षा रुंद आहे. दोनदा मोजलं.

१० मार्च
टाचणीने विचारलं, सर, तो साधा तारा नक्की साधाच आहे ना? पोटात दुखतंय बिचारीच्या. मोठ्या मनाने त्याच्या सगळ्या फाइल्स तिला देऊन टाकल्या. म्हटलं, बस चाळत.

१४ मार्च
संचालकांनी परिषदेसाठी माझं नाव तोंडी पक्कं केलं. सूट शिवायला टाकला.

२१ मार्च
टाचणी तीन दिवस कॅन्टीनला फिरकली नाही. जळणारी माणसं अशीच खंगतात. तिला एकदा समजावायला हवं.

२४ मार्च, दुपारी ४
साधा तारा साधा नव्हता. त्याच्याभोवतीही धुळीचं कडं आहे, आजवर कुणी न पाहिलेलं. टाचणीला ते मी दिलेल्या फाइल्समध्येच सापडलं. मी तेच माझ्या फोटोतून वजा केलं, म्हणून तिथे काळं दिसलं. माझ्या तबकडीत काही नाही. परिषदेला टाचणी जाणार.
ती स्वतः येऊन म्हणाली, सर, तारा तुम्हीच निवडला होता, पेपरवर तुमचं नाव पहिलं घालू का? मी नको म्हणालो. एकदा नको म्हणायची रीत असते. ती बरं म्हणाली आणि जागेवर जाऊन टाइप करायला लागली.
पुन्हा विचारेल म्हणून मी तिच्या टेबलाशी दहा मिनिटं उभा होतो.