येसराचा डबा आणि आरोहीचा कोड

तीर्थस्वरूप बलभीमदाजींना सास्तूरहून बिभीषणचा वाकून नमस्कार.

इकडं आम्ही सगळे ठीक आहोत, आणि हे वाक्य या खेपेला रिवाज म्हणून नाही, खरोखर लिहितोय. अक्काचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? तुमची साखर कशी आहे? (रक्तातली विचारतोय. कारखान्यातली कशी आहे ते ढोकीवरून एसटी गेली की वासावरनंच कळतं.) तुम्हाला वाटेल, खिशात मोबाइल असताना हा माणूस पोस्टाची पाकिटं का विकत घ्यायला लागला. त्याला कारण आहे, पण ते शेवटी सांगतो. आरोहीचं झालं ते कळल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही.

आपली आरोही आयर्लंडला सुखरूप पोचली आणि तिला खोलीही मिळाली. ही खुशाली आधीच देऊन टाकतो, नाहीतर अक्का पत्र अर्ध्यावर ठेवून देवापुढं जाऊन बसेल.

आता झालं कसं ते ऐका. पोरगी निघायच्या आधी तिच्या सिमकार्डावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले. आमच्या गल्लीतले फकरुद्दीनभाई, ज्यांचं लोहाऱ्याला मोबाइलचं दुकान आहे, ते म्हणाले की सिम पोरीबरोबर जाऊ द्या, मी रोमिंग टाकून देतो. मी म्हणालो, भारतातलं सिम समुद्रापलीकडं नुसतं खिशात ठेवलं तरी बिल येतं. (हे मला कुणी सांगितलं ते आता आठवत नाही. सांगणाराही आता कबूल होणार नाही.) माझा पक्ष जिंकला. आरोहीचं सिम निघालं आणि तिच्या आईच्या, द्वारकेच्या बटणाच्या फोनात जाऊन बसलं. पोरगी गेल्यावर द्वारका तो फोन रोज पदरानं पुसायची आणि कमरेला खोचायची. आमच्या लग्नात मिळालेल्या घड्याळाचीही तिनं एवढी निगा राखली नव्हती.

तिकडं उतरल्यावर आरोहीनं तिथलं सिम घेतलं आणि दोन बॅगा ओढत वसतिगृहाच्या कचेरीत गेली. खोली दिल्याचं पत्र तिच्या ईमेलमध्ये होतं. ते दाखवायचं आणि किल्ली घ्यायची, एवढंच काम. पण ईमेल उघडायला गेली तर ईमेललाच संशय आला, की ही पोरगी परवा सास्तूरला होती, आज आयर्लंडात कशी? म्हणून खात्री करायला त्यानं एक कोड पाठवला. कुठं? तर तिच्या जुन्या नंबरावर. म्हणजे द्वारकेच्या कमरेला. (माझ्या पक्षाचा विजय इथं संपला.) कचेरीतल्या बाईंनी सांगितलं की आज बंद करायच्या आत पत्र दाखव, नाहीतर ही खोली वाट बघत असलेल्या दुसऱ्या कुणाला जाईल. परक्या मुलखात, दोन बॅगा घेऊन, पोरीनं रात्री जायचं कुठं?

कोड म्हणजे तरी काय, सहा आकडे. वाचून दाखवले की सुटलो. पण त्याच आठवड्यात समाजमंदिरात बँकेच्या साहेबांचा मेळावा झाला होता. मी रानात होतो, द्वारका पहिल्या रांगेत होती. साहेबांनी बजावलं होतं की फोनवर आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, पोटच्या लेकरानं मागितला तरी नाही, कारण आता यंत्रं लेकरांच्या आवाजात बोलतात आणि परदेशी नंबरावरून फोन करतात. दाजी, तुम्हाला ठाऊक आहे, द्वारका माझं सगळंच ऐकते असं नाही. पण साहेबांचा शब्द न् शब्द तिनं ऐकला होता.

रात्री नऊच्या सुमाराला माझ्या फोनवर कॉल आला. नंबर परदेशी. आमच्या घराच्या भिंती भूकंपानंतरच्या, इतक्या मजबूत की आता भूकंपही आत येणार नाही आणि रेंजही. म्हणून फोन ओट्यावर नेऊन, स्पीकर लावून बोलावं लागतं, म्हणजे गल्लीसकट. आवाज तिथल्या फुकटच्या वायफायवरून येत होता, पिंपात बसून बोलल्यासारखा, मधे मधे तुटत. आई, मी आरोही, तुला एक कोड आला असेल, तो प्लीज सांगतेस का, असं ती म्हणत होती. द्वारकेनं मला डोळ्यांनी गप्प बसवलं.

"यंत्र हाय," ती म्हणाली. "आपली पोरगी एवढं गोड बोलत न्हाय."

मी व्हिडिओ लावून पाहिला. आरोहीचं तोंड उघडं आणि डोळे मिटलेले, असं चित्र आलं आणि तिथंच गोठलं. द्वारका म्हणाली, फोटो काय, कुणीबी लावंल. मग फकरुद्दीनभाई दुकान बंद करून परत येत होते, त्यांना मी मध्ये घातलं. ते बिचारे म्हणाले, "भाभी, बच्ची अपनीच है, बता दो." तर द्वारका शांतपणे म्हणाली, "भाई, सायबांनी सांगितलंय, मधी बोलणारा बी त्यांच्यातलाच असतोय." भाईंनी टोपी काढली, परत घातली आणि ओट्याच्या कडेला जाऊन बसले. (फोन तिच्या कमरेला होता. तुम्ही म्हणाल, हिसकावून का घेतला नाही. दाजी, तुम्ही अक्काच्या कमरेची किल्ली कधी हिसकावली आहे का?)

मग द्वारकेनं परीक्षा सुरू केली. बैलांची नावं काय? पलीकडून बरोबर उत्तर आलं. पण गल्लीतली एक पोर म्हणाली, काकू, बैलांचे फोटो आरोहीताईनं नावासकट इंटरनेटवर टाकलेत. प्रश्न बाद. वाढदिवस, तोही तिथंच. दारातलं लिंबाचं झाड, अंगणातली चूल, माझं रुसलेलं तोंड, सगळं टाकलेलं. पोरीनं जगाशी इतका संपर्क ठेवला होता की आईशी बोलायला एकसुद्धा खासगी गोष्ट उरली नव्हती. तिकडं कचेरीतल्या बाई खिडक्या लावायला लागल्याचं आरोही सांगत होती आणि तिचा आवाज रडका झाला होता.

शेवटी द्वारकेनं विचारलं, मी बॅगेत काय घातलं? येसर, स्टीलच्या डब्यात, असं उत्तर आलं. (येसर दिल्याशिवाय द्वारका कुणाला शिवेपलीकडं जाऊ देत नाही. पाण्याला उकळी आली की दोन चमचे टाका, आमटी तयार, परदेशाला याहून सोयीचं काही नाही, असं तिचं मत.) पण हे उत्तरही बाद झालं, कारण तिनं येसर भाजलं त्या दिवशी सगळी गल्ली शिंकत होती.

मग आरोही बोलली, आणि आता आवाज अजिबात गोड नव्हता.

"आई, तो डबा मी आणलाच न्हाय. बॅग लई जड झालती. ज्वारीच्या कोठीत हाय, तळाला. आता तरी सांग की गं!"

द्वारका तडक आत गेली. पत्र्याच्या कोठीचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा खांद्यापर्यंत ज्वारीचा भुसा होता आणि हातात डबा. तिनं तो ओट्यावर आपटला, कमरेचा फोन काढला आणि म्हणाली, "आपलीच हाय कार्टी. लिही."

ती मराठीत आकडे वाचत गेली, आणि एकोणऐंशी म्हणजे किती यावर आयर्लंडात गोंधळ झाला. तो कोड वाया गेला. दुसरा मागवला, तो फकरुद्दीनभाईंनी एकेक आकडा सुटा करून सांगितला. ईमेल उघडलं, पत्र दिसलं, किल्ली मिळाली. मी ओट्यावर बसून नुसता श्वास घेत होतो. त्यानंतर द्वारकेनं डब्याच्या विषयावर आयर्लंडला जे काही ऐकवलं, ते वायफायनं एकदाही न तुटता पोचवलं.

आता सगळं शांत आहे. पोरगी रोज फोन करते. अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
बिभीषण

ता. क. तुमच्या कारखान्यातल्या रामलिंगरावांचा मुलगा पुढच्या महिन्यात आयर्लंडात आरोहीच्याच गावी शिकायला जाणार, असं अक्का म्हणाली होती. त्याच्या बॅगेत एक डबा बसेल का? काल आरोहीनं स्वतःहून येसर मागितलं. तिथं आमटी म्हणून जे मिळतं ते खाऊन तिला वजनाचा विचार सोडावा लागला आहे. डबा न्यायला तुम्ही स्वतः आलात तर बरं.

ता. क. २. आता पत्राचं कारण. ओळख पटल्याशिवाय आमच्या घरात आता कुणाशीच फोनवर बोलणं होत नाही. द्वारकेनं प्रत्येक नातेवाइकासाठी एकेक प्रश्न काढलाय. तुमच्यासाठीचा असा: आरोहीच्या बारशानंतर तुम्ही नेलेली आमची पितळी परात सध्या कुठं आहे? खऱ्या दाजींनाच हे ठाऊक असणार, असं ती म्हणते. म्हणून विनंती, उत्तर तयार होईपर्यंत फोन करू नका.

ता. क. ३. पाकिटाला डिंक शोधायला उठलो तेवढ्यात द्वारकेनं हे पत्र वाचलं. ती म्हणते, प्रश्न फुटला, तर आता दुसरा काढते. पण डबा न्यायला येणारच आहात, तर येताना हात रिकामे कशाला, परात घेऊनच या.