बरगडीखालची जागा

पंचवटी, नाशिक

सौ. ताईस, मुकुंदचा देवळ्याच्या घरापर्यंत पोचेल असा नमस्कार.

शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. दुर्बीण सहसा बेंबीतून घालतात. परंतु माझ्या जुन्या टाक्यांपाशी आतडे चिकटलेले असू शकते, म्हणून डावीकडे बरगडीखालून घालतील. दोन्ही जागांचे गुणदोष मी तीनदा विचारले. डॉक्टर म्हणाले, "काका, कुठूनही गेलो तरी गाठ निघणार नाही. अन्न पुढे सरकेल एवढी वाट करून देऊ."

आईला फक्त जागा सांग. बेंबीला धक्का नाही, हे ऐकून तिला बरे वाटेल. तिचे गुडघे कसे आहेत?

तिने बेंबीत घालायला दिलेले एरंडेल येथे चालत नाही. बाटली सोबत परत पाठवली आहे. मी आल्यावर तिनेच घालावे, असे सांगून तिच्या उशाशी ठेव.

तुझा धाकटा,
मुकुंद