मधमाशांना आधी कळलं

पोस्ट ऑफिस, कूम बार्टन
रविवार, १ जुलै १८९४

प्रिय लेटी,

तुझं पत्र मिळालं. बहिणीकडे समुद्राची हवा मानवते आहे, जेवण जातं आहे, हे वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं. पुढचं वाचल्यावर तुला ते खोटं वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. इथे सगळं जिथल्या तिथे आहे. पिमबाई एक दिवसाआड तुझ्या घरात झाडू मारते, आणि मग माझ्या काउंटरला टेकून तासभर गावाचा केर काढते. परवा भर गर्दीत म्हणाली, "मी पहिल्यापासून सांगत होते, त्या अमॉसची नजरच धड नव्हती!" मार्चपर्यंत त्याच अमॉसचे कोबी फुकट नेत होती, भवानी! त्याचा खटला गुरुवारी उभा राहतोय. माळ्याने मालकाला विष घातलं म्हटल्यावर शिक्षा काय होणार, हे सांगायला वकील कशाला लागतो? गाव तर त्याला फासावर चढवून मोकळंही झालंय.

तुझ्या मधमाशा ठीक आहेत. लिंडनच्या झाडाला फुलं आलीत, पोळ्यांच्या चारही टोपल्यांशी नुसती झुंबड आहे. काल त्यांच्याजवळ उभी होते तेव्हा तुझे आजोबा आठवले. ते गेले तेव्हा आपण दोघी नऊ-नऊ वर्षांच्या. घरात कुणी गेलं की मधमाशांना लगेच सांगायचं, नाहीतर त्या रुसून निघून जातात किंवा मरतात, म्हणून तुझ्या आईने घराची किल्ली तुझ्या हातात दिली होती. तू किल्लीने प्रत्येक टोपलीवर तीनदा ठोठावलंस, वाकून म्हणालीस, "आजोबा गेले गं, आता मी आहे," आणि मी मागून काळ्या फिती बांधल्या. मी घाबरले होते, तू नाही. तेव्हापासून तू हे कधी चुकवलेलं नाहीस. तुझी आई गेली तेव्हा पाद्रीसाहेब दारात ताटकळले होते आणि तू मागच्या अंगणात मधमाशांशी बोलत होतीस.

अमॉसची बायको नॅन रोज येते. तिला लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे. तुरुंगात पाठवायची तिची पत्रं मीच लिहिते आणि त्याची आली की मीच वाचून दाखवते. लेटी, हे काम काय आहे ते तुला कसं सांगू? तो स्वतःबद्दल एक अक्षर लिहीत नाही. घेवड्याला काठ्या लावल्या का, धाकटीचा खोकला गेला का, मिसेस गॅरावेंच्या वाफ्यात तण माजलं असेल, जमलं तर काढून ये. म्हणजे तुझ्या वाफ्यात! आणि नॅन बिचारी खरंच जाऊन काढून आली. गेल्या मंगळवारी तिने मला विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. ज्याने केलंच नाही, त्याला हे लोक सोडतील ना?" मी म्हटलं, सोडतील. मग आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून आटलं तरी तशीच उभी राहिले.

आता त्या एप्रिलमधल्या गुरुवारचं. चर्चची पितळी भांडी घासायची आपली पाळी होती. साडेआठला तुला बोलवायला मी नेहमीसारखी मागच्या फाटकाने आले. टोपल्यांवर काळ्या फिती होत्या, नीट गाठ मारलेल्या. मला वाटलं, तुझी बाथची मावशी गेली असेल. विचारणार, तेवढ्यात तू टोपी घालून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "सिरिल झोपलाय, रात्रभर खोकत होता, चल लवकर." बारापर्यंत आपण घासत बसलो. तू दोनदा हसलीससुद्धा. मग पिमबाई किंचाळत आली, की सिरिलसाहेब पलंगावर थंड पडलेत.

सगळी तुझ्या घरात धावली, मी मागच्या अंगणात गेले. का, ते विचारू नकोस. डोक्यात काही नव्हतं, हातच पुढे झाले. चारही फिती सोडल्या आणि खिशात कोंबल्या. कॉन्स्टेबल ब्रॅग आला तेव्हा टोपल्यांवर काहीच नव्हतं. नंतर सिरिलच्या खोकल्याच्या काढ्याच्या भांड्यात औषधी कॉम्फ्रीच्या पानांबरोबर फॉक्सग्लव्हची विषारी पानं सापडली. आदल्या दिवशी टोपलीभर कॉम्फ्री अमॉसनेच आणून दिली होती. फुलं येण्याआधी दोन्ही पानं सारखीच दिसतात. पण वीस वर्षं बाग करणारा माणूस चुकेल कसा, असं मृत्यूच्या चौकशीत कॉरोनरने विचारलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आजोबांकडून पानन्‌पान ओळखायला शिकलेली तूही चुकली नसतीस, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला त्यांनी विचारलं, काही वेगळं दिसलं का? बायबलवर हात ठेवून मी म्हटलं, नाही.

मला तुझा राग आला नव्हता. अजूनही येत नाही, यायला हवा तरी. तुझ्या मनगटावरचे काळेनिळे डाग मी अकरा वर्षं पाहत आले. तू म्हणायचीस दार लागलं, मी म्हणायचे जपून गं. किती सोयीचं होतं ते! चर्चमध्ये गोड गळ्याने बायबल वाचणारा तुझा नवरा घरी काय करतो, हे मला ठाऊक होतं. फेब्रुवारीत त्याला न विचारता तू माझ्याकडे चहाला आलीस म्हणून त्याने तुझ्या पाचव्या टोपलीला गंधकाची धुरी दिली आणि सगळ्या माशा मारल्या, तेव्हाही मी तुला फक्त केक नेऊन दिला. केक! माझी मलाच शरम वाटते.

एकच माणूस बोलला. अमॉस दारूच्या गुत्त्यात सिरिलच्या अंगावर धावून गेला, ते सगळ्या गावाने पाहिलं आणि आता तेच त्याच्या गळ्याशी आलंय. का धावून गेला, ते कुणालाच माहीत नाही. मला शुक्रवारी कळलं, नॅनला त्याचं पत्र वाचून दाखवताना. त्याने लिहिलंय, "भांडण कशावरून झालं ते वकिलाला सांगू नकोस. साहेबांनी मिसेस गॅरावेंना कुंपणाशी मारलेलं मी पाहिलं. ती त्यांच्या घरची गोष्ट आहे, कोर्टात त्या बाईची अब्रू कशाला काढायची?" मला पुढे वाचवेना. नॅनला वाटलं, माझा चष्मा धुरकटलाय.

म्हणून हे पत्र. ते तुला मंगळवारी मिळेल. बुधवारी सकाळी नऊच्या गाडीने मी अमॉसच्या वकिलाकडे निघणार आहे. चारही फिती माझ्या पिशवीत आहेत. शपथेवर खोटं बोलले म्हणून मलाही आत टाकतील, टाकू देत. तुझी गाडी वाटेत जंक्शनला साडेनऊला येते. मी फलाटावर उतरून उभी राहीन. तू आलीस तर तुझ्या तोंडून सांग, ते डाग, ती धुरी, सगळं सांग. मी शेजारी बसेन आणि या वेळी गप्प राहणार नाही. नाही आलीस तर पुढच्या गाडीने एकटी जाईन. आज चर्चहून परतताना तुझ्या घराची किल्ली घेऊन मागच्या अंगणात गेले. प्रत्येक टोपलीवर तीनदा ठोठावलं आणि सांगितलं, की तुमची लेटी आता येणार नाही, आजपासून मी आहे. फिती मात्र बांधल्या नाहीत गं. तेवढं माझ्या हातून झालं नाही.

तुझीच,
डॉर्कस